अष्टपुत्रे सर मूळचे माझे

॥ श्री ॥

भवानीपूर, कलकत्ता
रविवार, २२ नोव्हेंबर १९५३

तीर्थरूप श्यामरावमामांच्या पायांशी सदाशिवचा नमस्कार. साष्टांग म्हणणार होतो, पण परवा एस्प्लनेडच्या एका कचेरीत पंखा उतरवताना स्टुलावरून घसरलो, त्यामुळे आठांतलं एक अंग (डावा गुडघा) अजून जमिनीला टेकत नाही. उरलेली सात पोचती समजावीत. आठवं बरं झालं की मागाहून टेकवीन.

तुमची नवी कवळी आता बसली का? तीर्थरूप मामींनी लिहिलं होतं की ती घातल्यापासून तुम्ही कमी बोलता. त्यांच्या पत्रात हे सुख म्हणून लिहिलं होतं की तक्रार म्हणून, ते मला कळलं नाही, म्हणून दोन्हीबद्दल विचारतो. मामींच्या गुडघ्यांसाठी इथल्या एका कविराजाकडून (इथे वैद्याला कविराज म्हणतात) तेल पाठवतो आहे. वास फार उग्र आहे. दुखणं जातं की नाही माहीत नाही, पण माणसं जवळ येत नाहीत, त्यामुळे विश्रांती चांगली मिळते. मामींनी पाठवलेली लोणच्याची बरणी सुखरूप पोचली. बरणीच सुखरूप पोचली म्हणायचं, कारण मी बराकपूरला लष्कराच्या बरॅकीत पंखे बसवायला गेलो तेवढ्यात आमच्या मेसमधल्या दोन पदवीधरांनी ती आतून पुसून ठेवली. त्या पदवीधरांविषयीच लिहायचं आहे, पण आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे: नोकरी अजून तीच आहे. होय मामा, तीच. नागपूरचा छापखाना सोडला, जबलपूरची लाकडाची वखार सोडली, मधे एका सर्कशीच्या तंबूवाल्यांकडे होतो ते तुम्हाला कळवलंच नव्हतं (आता कळवलं), पण पंख्यांच्या कंपनीत माझा जीव रमला आहे. रोज नवं छप्पर असतं. आज वकिलाचं, उद्या दवाखान्याचं, परवा मेमसाहेबाचं. एका छपराखाली मला कंटाळा येतो हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या छपराखालीसुद्धा आला होता, पण तिथे जेवण चांगलं होतं.

मामा, तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, की सदा, तू शाळा सोडलीस त्याचा तुला पस्तावा होतो का. मी नाही म्हणालो होतो. ते उत्तर कलकत्त्यात येईपर्यंत खरं होतं. इथे मराठी माणसं थोडी, त्यामुळे एकाला दुसरा दिसला की सोडत नाही. आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि तिसरा प्रश्न ठरलेला: "कुठल्या कॉलेजचे?" तुमचं बरं आहे. तुम्ही इंटरला नापास झालात, पण कॉलेजात नापास झालात. अजून कोणी आलं की "आमच्या प्रीव्हियसच्या वेळी" म्हणून सुरुवात करता आणि समोरचा मान तुकवतो. मी इंग्रजी तिसरीत नापास झालो. "आमच्या इंग्रजी तिसरीच्या वेळी" म्हणून मी सुरुवात केली तर लोक पाण्याचा पेला मागतात. नापासांतसुद्धा पंगती असतात आणि माझं पान उंबऱ्याच्या बाहेर आहे.

आता आमच्या मेसमधले दोघे सांगतो. एक मनोहर, बी.एस्सी., सरकारी हिशेब कचेरीत. दुसरा गुरुदत्त, बी.ए. ऑनर्स, अर्थशास्त्र, बँकेत. (कारवारकडचा, गोरा, भांग इतका सरळ की पट्टी ठेवून पाडतो असा मला संशय आहे.) या दोघांना आपल्या अभ्यासातलं काय आठवतं म्हणाल तर काहीही नाही. मागच्या महिन्यात दूध नासलं. मनोहरनं पातेल्यात बराच वेळ डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हे ऑर्गॅनिक आहे. माझं इनऑर्गॅनिक होतं." गुरुदत्ताला अर्थशास्त्राच्या मोठ्या पुस्तकातलं एवढंच आठवतं की ते लाल होतं आणि डोक्याखाली घेतलं तर मान अवघडत नसे. तो मासळीबाजारात जातो तेव्हा कोळीण म्हणजे मेछुनी त्याला लांबून ओळखते आणि शेजारणीला कोपरानं ढोसते. पण मामा, हे दोघे हे सगळं काय तोऱ्यात सांगतात! "आता काही आठवत नाही बुवा!" असं म्हणून मागे रेलतात, जणू वडिलार्जित इस्टेट उडवून मोकळे झालेले जहागीरदार. मला हेवा वाटतो तो इथे. त्यांच्या ज्ञानाचा नाही, ते तर गेलंच आहे, त्यांच्या विसरण्याचा. त्यांच्याकडे विसरायला काहीतरी होतं. मी विसरीन म्हटलं तर काय विसरू? सगळं मिळून जे शिकलो ते अजून तसंच्या तसं आहे, आणि ते सांगितलं तर दोन पानं खाईपर्यंत संपतं.

आणि यांना आठवतं काय? तर प्रोफेसर कसा खोकायचा, कोण मुलगी पिवळं पातळ नेसून आली की वर्ग कसा गप्प व्हायचा, गॅदरिंगला कोणी कोणाच्या टोपीत काय भरलं. चार वर्षं फी भरून मिळवलेली ही विद्या. आणि याच विद्येवर, मामा, गुरुदत्त माझ्या डोळ्यांदेखत लग्न करतो आहे.

हे सावकाश सांगतो. आमच्या मेसपासून ट्रामच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की श्यामकांतराव म्हणून मराठी वकील राहतात. तीन पिढ्या कलकत्त्यात. स्वतः इथेच शिकले, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजांविषयी त्यांना असा आदर आहे, जसा आपल्याला काशीविषयी असतो, म्हणजे न राहिलेल्या माणसाचा. पुण्याला आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा मांडवातून परत स्टेशनावर. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे मराठी माणसं जमतात. त्यांची मुलगी सुनीती. यंदाच बी.ए. झाली, तत्त्वज्ञान घेऊन. तिचं मराठी इथलं आहे. "ती पंखा फार आवाज करते" म्हणते. मी जन्मात कुठल्या पंख्याकडे इतक्या मायेनं पाहिलं नव्हतं. माझ्या मनात काय आहे ते तुम्ही ओळखलं असेलच. मामींना सांगू नका. (किंवा सांगा, न सांगता त्यांना कळलं तर त्या तुमच्यावर रागावतील.)

गणपतीच्या दिवसांत मी पहिल्यांदा त्या घरी गेलो, मनोहर आणि गुरुदत्त यांच्याबरोबर. आरती झाली, मोदक आले. श्यामकांतराव म्हणाले, "वा, वा, तिघे पुण्याचे! तिघे एकाच कॉलेजचे का?" आता पाहा, मी खोटं बोललो नाही. गुरुदत्ताच्या तोंडात गरम मोदक होता. त्याला धड गिळता येईना आणि धड बोलता येईना, म्हणून त्यानं डोळ्यांत पाणी आणून जोरात मान हलवली. त्या एका हलवण्यात मी कॉलेजात गेलो, पास झालो आणि बाहेर आलो. मनोहर माझ्याकडे बघून हसला, पण तो मुळात भिडस्त, आणि लोणचं त्याला पुढेही खायचं होतं, त्यामुळे गप्प राहिला. तसं पाहिलं तर मी त्या कॉलेजात लहानपणी पुष्कळदा गेलो आहे. मागची भिंत चढून. तिथल्या चिंचा आंबट होत्या. हे मला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

मग आठवणी सुरू झाल्या. एकानं संस्कृतचे शास्त्रीबुवा सांगितले, मनोहरनं प्रयोगशाळेतला शिपाई सांगितला, गुरुदत्तानं काहीतरी इंग्रजीतून सांगितलं आणि स्वतःच हसला. मग फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. सुनीती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात तुपाची वाटी. ती म्हणाली, "आणि तुमचे कोणी सर नव्हते?" मामा, त्या प्रश्नात काही नव्हतं, पण मला असं वाटलं की सगळ्या जगाला सर आहेत आणि मीच एकटा बिनसराचा. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आमचे अष्टपुत्रे सर."

कोण अष्टपुत्रे? मला काय माहीत! पण नाव आलं तसा माणूसही आला. लॉजिक शिकवत असत, म्हटलं. बुटके, गळ्याला मफलर, आणि वर्गात छत्री उघडून बसत, कारण एकदा पालीनं त्यांच्यावर उडी घेतली होती. त्यांचा हजेरी घेण्याचा प्रकार निराळा. मुलगा आला नसला की ते स्वतःच आवाज बदलून "प्रेझेंट सर" म्हणत आणि स्वतःच हजेरीची खूण करत. एकदा प्रिन्सिपॉलनी त्यांना धरलं. तेव्हा अष्टपुत्रे सर म्हणाले, हजेरीपटात नाव आहे म्हणजे मुलगा आहे. मुलगा आहे म्हणजे कुठेतरी हजर आहेच. कुठे, हा प्रश्न लॉजिकचा नव्हे, भूगोलाचा!

मामा, घर हललं. श्यामकांतरावांनी मांडीवर थापा मारल्या. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई आतून बाहेर आल्या आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं. आणि सुनीती, तिच्या हातातली तुपाची वाटी कलंडून तूप माझ्या चपलेत पडलं, इतकी ती हसली. ती चप्पल मी अजून पुसलेली नाही. (मुंग्या येतात, पण येऊ देत.) त्या क्षणी मी बी.ए., एम.ए. सगळा होतो. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अरे हो हो, अष्टपुत्रे! भूगोलाचा! मी होतो ना त्या वर्गात!"

गुरुदत्त!

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, मला सांभाळून घेतो आहे, मित्र आहे, भला आहे. कसलं! त्याचे डोळे ओले झाले होते. त्याला खरंच आठवत होतं. "आणि त्यांचा तो कोट, सदाशिव? एका खिशात खडू, एका खिशात फुटाणे?" मी त्यांना कोट घातलाच नव्हता, मामा! माझ्या अष्टपुत्र्यांना मफलर होता. त्यानं माझ्यासमोर माझ्या माणसाला कोट चढवला आणि मला "हो, हो" म्हणावं लागलं.

तिथून ते सर माझ्या हातातून गेले. पूजेच्या सुट्टीत एक रेल्वेतले अधिकारी बदलून आले, त्यांना गुरुदत्तानंच अष्टपुत्रे सांगितले. आता त्याच्या गोष्टीत उशिरा आलेला मुलगा तो स्वतः. म्हणे, "मी दारात उभा, आणि आत माझ्याच आवाजात माझीच हजेरी चाललेली! मी म्हटलं, सर, मग मी जाऊ का? तर म्हणाले, जा, तू आलेला आहेस!" काय सांगू, माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी जन्म दिला, पण मुंज त्यानं केली. सुनीती पदर तोंडाला लावून आत पळाली. ते हसू कायद्यानं माझं होतं. दिवाळीच्या फराळाला तर सरांना दमा झाला होता, दोन मुली झाल्या होत्या, आणि मोठीच्या लग्नात गुरुदत्तानं पंगत वाढली होती. तो रेल्वेचा अधिकारी, तोही म्हणतो, "आमच्या वेळी नुकतेच लागले होते, तेव्हा छत्री नवी होती." मनोहरसुद्धा! मनोहरला मी मेसमध्ये धरलं, म्हटलं, तू सायन्सचा, तुला कुठले अष्टपुत्रे? तो म्हणाला, "पहिल्या वर्षी आम्हाला जनरल इंग्लिश घेत असत रे." आणि डोळे मिटून हसला.

मग मी गुरुदत्ताला गाठलं. तो आरशासमोर भांग पाडत होता. म्हटलं, "खरं सांग, तू होतास त्यांच्या वर्गात?"

"मग! पहिल्या बाकावर."

"मी तुला पाहिल्याचं आठवत नाही."

"तू मागे बसत असशील. मागच्यांना काय दिसणार?"

आता, अरे चोरा, ते सर मी केले, म्हणावं तर मी कॉलेजात नव्हतो हे त्याच वाक्यात निघतं. आपलीच छत्री दुसऱ्याच्या हातात दिसावी आणि तिच्यावर नाव आपणच खोडून ठेवलेलं असावं, तसं झालं आहे. रात्री तो घोरतो तेव्हा मला वाटतं, याच्या स्वप्नात ते येत असतील. माझ्या नाही येत.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडे नाही, ती सांगतो म्हणजे तुम्हाला मी अगदीच हरलो असं वाटणार नाही. श्यामकांतरावांच्या दिवाणखान्यातला पंखा मी आता दर रविवारी फुकट पाहतो. स्टूल डुगडुगतं म्हणून सुनीती धरते. (पंखा सुरू झाला की वारा खाली खुर्चीत बसलेल्या गुरुदत्ताला लागतो, ते सोडा.) मागच्या रविवारी दिवाणखान्यात कोणी नव्हतं. ती खालून म्हणाली, "तुम्ही आता सरांच्या गोष्टी का नाही सांगत? गुरुदत्त किती सांगतात."

मी म्हटलं, "त्यांना फार आठवतं. मला काही आठवत नाही."

तर ती हळूच म्हणाली, "मलापण नाही. तत्त्वज्ञानाची पेपर झाली आणि घरी येईपर्यंत सगळं गेलं. एक आठवते, आमच्या वर्गातल्या खिडकीतून एक कैरीचा झाड दिसत होता. बाबांना नका सांगू हं." मामा, मी वरून तिच्या भांगाकडे पाहत होतो आणि तेलाचा थेंब पंख्यात पडायच्या ऐवजी तिच्या केसांत पडला. ती म्हणाली, "असू दे, तेलच आहे." त्या घरात आपलं विसरणं कोणी मला असं विश्वासानं सांगितलं नव्हतं. वाटलं, आताच सांगावं, मीही नाही, सुनीतीताई, मी तर मुळात... पण मधेच गुरुदत्त आला आणि विचारता झाला, "सदाशिव, सरांच्या धाकटीचं नाव काय रे?" आणि मी मूर्खासारखं सांगितलं, "कालिंदी."

आता मुख्य बातमी. श्यामकांतरावांनी सुनीतीचं गुरुदत्ताशी बोलायचं ठरवलं आहे. पण वकील माणूस. म्हणाले, रीत म्हणून चौकशी केलीच पाहिजे. मुलाच्या घरचं विचारायला त्यांचे नातेवाईक आहेत, स्वभावाचं कोणाला विचारायचं? तर स्वतःच म्हणाले, "त्यांच्या अष्टपुत्रे सरांना! गुरूइतकं मुलाला कोण ओळखतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुदत्तानंसुद्धा, आणि तेही न घाबरता! त्याला खात्री आहे की सर चांगलं बोलतील. नाताळच्या सुट्टीत श्यामकांतराव स्वतः पुण्याला येणार आहेत.

असो. मला कोणाचा हेवा वगैरे नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याच्या नशिबात जे. हे पत्र केवळ तुमची कवळी आणि मामींचे गुडघे यांच्या खुशालीसाठी लिहिलं. घरात सर्वांना यथायोग्य. मामींना नमस्कार, आणि लोणचं पुन्हा पाठवलं तर चालेल, पण बरणी कुलुपाची असावी.

तुमचा,
तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलेला आणि तरीही न वाढलेला भाचा,
सदाशिव

ता. क. एक लहानसं काम आहे, तुम्ही नाही म्हणू नये. नाताळात एका संध्याकाळपुरते तुम्ही अष्टपुत्रे सर व्हा. तुम्ही बुटके आहातच. बसल्या बसल्या झोपता, ते प्रोफेसरांना शोभतं. कचेरीच्या नाटकात तुम्ही दशरथ झाला होतात तेव्हा मरायला इतका वेळ लावलात की पुढच्या प्रवेशातला भरत विंगेत झोपी गेला, त्यामुळे अभिनयाची काळजी नाही. मफलर आमच्या बाजूनं आहे, तेवढा घाला. कोट अजिबात घालू नका, तो त्याचा आहे. छत्री हवी. श्यामकांतरावांनी गुरुदत्ताचं विचारलं की जरा वेळ छताकडे पाहा आणि म्हणा, "गुरुदत्त... तो का... असो." त्या "असो"मध्ये तुम्हाला जेवढं घालता येईल तेवढं घाला. मग आपण होऊन म्हणा, "सदाशिव म्हणून एक होता. तो सध्या कुठे असतो?" बस. स्तुती नको, संशय येईल. मामींना आठ दिवस आधी कालिंदी कोण ते समजावून ठेवा.

ता. क. (बुधवार) पत्र टाकायला निघालो तोच बराकपूरचं काम आलं, म्हणून खिशातच राहिलं. दोन दिवस बरॅकीच्या छताखाली उलटा लटकून विचार केला. गुरुदत्ताविषयी "असो" म्हणू नका. वाईट नको. त्यानं तसं माझं काही चोरलेलं नाही, जे होतं ते खोटंच होतं. आठवत नाही, एवढंच म्हणा. माझ्याविषयी मात्र आठवतं म्हणा. आणि मी इतकंच ठरवलं आहे, की तुमचं काम झालं की सुनीतीला मी स्वतः सगळं सांगणार, स्टुलावरून उतरून. तिनं कैरीचं झाड सांगितलं, मी चिंचा सांगीन.

ता. क. (रविवार, पुन्हा) मामा, वरच्या दोन्ही विनंत्या रद्द. मफलर असेल तर कपाटात ठेवून द्या.

आज संध्याकाळी तिथे गेलो तर पाहुणे आले होते. श्यामकांतरावांचे साडू, सर्व त्यांना भाऊसाहेब म्हणतात, पुण्याचे, कामानिमित्त कलकत्त्याला आलेले. श्यामकांतरावांना नाताळापर्यंत धीर धरवला नाही, त्यांनी आधीच भाऊसाहेबांना लिहिलं होतं की अष्टपुत्रे सरांना भेटून या. मला इतका आनंद झाला! आता निघणार, म्हटलं, असा माणूसच नाही म्हणून! मग मीही बुडतो, बुडू दे, पण गुरुदत्त माझ्याआधी बुडेल, तो पहिल्या बाकावर आहे. मी पुढे सरकून विचारलं, "सर भेटले का हो?"

भाऊसाहेबांनी बाकरवडी मोडली. "भेटले म्हणजे काय! तासभर बसलो. मलाही शिकवलंय त्यांनी, आमच्या वेळी नुकतेच लागले होते."

"कसे आहेत?"

"थकलेत हो. छत्री आता कालिंदी धरते." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पण हजेरीचं विचारलं तर अजून तेच! भूगोलाचा!" सगळे हसले. "गुरुदत्ताचं नाव काढलं मात्र, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. सोन्यासारखा मुलगा म्हणाले. डोळे मिटून द्या म्हणाले."

प्रेमलताबाईंनी साखर आणली. गुरुदत्तानं खाली वाकून नमस्कार केला, पुण्याच्या दिशेनं, आणि त्याला खरंच हुंदका आला. माझ्या हातावर साखर पडली. मी तशीच धरून ठेवली. आणि मामा, विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं, "माझ्याविषयी काही म्हणाले का? सदाशिव?"

भाऊसाहेबांनी आठवून पाहिलं. मनापासून आठवलं, कपाळाला आठ्या घालून; वाईट माणूस नाही तो. "सदाशिव... सदाशिव... नाही बुवा. तुमचं नाव नाही काढलं त्यांनी."

सुनीतीला माझं वाईट वाटलं. ती म्हणाली, "ते मागच्या बाकावर बसायचे ना काका, म्हणून." आणि माझी बाजू घेतल्यासारखं हसली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? माघात साखरपुडा आहे. मांडवात पंखे मीच बसवणार, गुरुदत्तानं गळ्यात हात घालून सांगितलं आहे.

आता तेवढं एक काम कराच. भाऊसाहेबांकडून मी सरांचा पत्ता घेतला आहे. शनिवार पेठ, दत्ताच्या देवळामागचा बोळ, उजव्या हाताचा जिना. तुम्हाला फिरायला जाताना वाटेवर आहे. एकदा वर जाऊन या. माझं नाव सांगा. शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा म्हणावं. नाही आठवत म्हणाले तर रागावू नका, वय झालं आहे, इतकी मुलं हाताखालून गेली. फक्त निरोप द्या, की सदाशिवला तुम्ही चांगले आठवता.